सूर्यरोधकांवरील फिर्याद

बंगळूरच्या हवेची कीर्ती अशी आहे की, सोलापूर-नगरच्या उन्हात वाढलेला माणूस नोकरीनिमित्त येथे येऊन स्थायिक झाला म्हणजे पहिली काही वर्षे त्याला ऊन या वस्तूचा विसरच पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आणि विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर वसलेले हे शहर वाऱ्याच्या झुळकीने कातडीला थंडावा देते आणि त्याच वेळी, तिच्या नकळत, तिच्यावर अतिनील किरणांचा मारा करीत राहते; त्यामुळे घामाघूम झालेल्या पंढरीच्या वाटसरूला सावली शोधण्याची जी बुद्धी होते, ती येथल्या पादचाऱ्याला होतच नाही. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, सूर्य या शहराच्या बरोबर माथ्यावर येतो. २५ एप्रिल २०२३ रोजी दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी येथे उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशी गडप झाली, आणि तो चमत्कार पाहण्यास जमलेल्या लोकांपैकी कितीजणांच्या डोक्यावर टोपी होती हे कोणी मोजले नाही. अशा शहरात सनस्क्रीन नावाच्या मलमांविषयी वाद उपस्थित व्हावा हे स्वाभाविकच होय.

तो उपस्थित झाला आमच्या मराठी मंडळींच्या मासिक बैठकीत. माझे एक स्नेही, सेवानिवृत्त, बहुश्रुत आणि बोलण्यात हातखंडा असलेले, यांनी ‘प्रसाधनांतील विष’ या विषयावर तासभर व्याख्यान दिले आणि रासायनिक सूर्यरोधकांवर चार कलमांची फिर्याद दाखल केली. पहिले कलम असे की, या द्रव्यांची अॅलर्जी दर पाच माणसांत एकाला होते; दुसरे, ती कातडीतून थेट रक्तात उतरतात; तिसरे, हवाईसारख्या प्रांताने त्यांच्यावर बंदी घातली आहे; आणि चौथे, म्हणून सुज्ञांनी रसायनांचा त्याग करून चंदन, हळद, कोरफड यांच्याकडे, म्हणजे निसर्गाकडे, परतावे. सभा संपल्यावर दोन-तीन भगिनींनी पर्समधील ट्यूब तेथल्या तेथे कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मी त्या वेळी गप्प बसलो, कारण आभारप्रदर्शनाच्या आधी उठून वक्त्याला खोटे पाडणे आमच्या पिढीच्या शिष्टाचारात बसत नाही. आणि दुसरे कारण असे की, वक्त्यांच्या फिर्यादीतला जो एकमेव खरा साक्षीदार सभेत हजर होता, तो मीच होतो.

माझी हकीकत थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी माझ्या हाती एक सनस्क्रीन दिले आणि सकाळी लालबागेत फिरायला निघण्यापूर्वी ते चेहऱ्याला लावण्याची सक्ती केली. तीन आठवड्यांत कपाळ, गाल आणि मानेचा पुढचा भाग लालसर होऊन खाजू लागला, पुढे तो काळवंडला. निदानासाठी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्या मूळच्या बेळगावकडच्या, त्यामुळे संभाषण मराठीत झाले. त्यांनी पुरळाकडे पाहण्याऐवजी जेथे पुरळ नव्हते तिकडे आधी पाहिले : हनुवटीच्या खाली, कानाच्या पाळीमागे, वरच्या पापणीच्या घडीत. या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. ‘‘काका, मलम तुम्ही इथेही लावलंच असणार, पण ऊन इथे पोचत नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि मग एकदम, विषयाशी संबंध नसल्यासारखा प्रश्न विचारला, ‘‘गुडघ्याला काही चोळता का?’’

मी चोळत होतो. गुडघेदुखीवरचे एक जेल, औषधाच्या दुकानातून स्वतःच मागून आणलेले, वर्षभर चोळत होतो. आणि मागच्या उन्हाळ्यात अर्धी विजार घालून फिरताना गुडघ्यांवर जे पुरळ उठले होते त्याचा दोष मी डासांच्या माथी मारून मोकळा झालो होतो. त्यानंतर माझ्या पाठीची रीतसर परीक्षा झाली. सोमवारी पाठीवर दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या इवल्याशा वाट्यांतून तीच तीच द्रव्ये दोन ओळींत चिकटवली. बुधवारी त्या पट्ट्या काढून एका ओळीवर मोजून अतिनील ‘अ’ किरण सोडले आणि दुसरी ओळ झाकून ठेवली. शुक्रवारी दोन्ही ओळी वाचल्या. पाच दिवस पाठीला पाणी लावायचे नाही, हा दंड वेगळा. निकाल असा लागला की, अंधारातली ओळ निर्दोष राहिली, पण प्रकाश पडलेल्या ओळीत दोन ठिकाणी फोड उठले : एक किटोप्रोफेन, म्हणजे गुडघ्यावरच्या जेलमधले वेदनाशामक, आणि दुसरे ऑक्टोक्रिलीन, म्हणजे सनस्क्रीनमधले सूर्यरोधक. रेणूंच्या घडणीत एक साम्य असल्यामुळे, आणि ऑक्टोक्रिलीनमध्ये बेन्झोफिनोनचा अंश असू शकत असल्यामुळे, ज्याच्या शरीराने किटोप्रोफेनशी वैर धरले त्याला पुष्कळदा ऑक्टोक्रिलीनही सोसत नाही. वैर जुळले गुडघ्यावर आणि त्याची वसुली झाली चेहऱ्यावर. युरोपच्या औषध-नियामक संस्थेने २०१० सालीच किटोप्रोफेनची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरविले, त्याचे एक कारण हेच होते.

आता फिर्यादीच्या पहिल्या कलमाकडे वळू. ‘पाचांत एक’ हा आकडा हवेतून आलेला नाही. तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीतून आलेला असावा, कारण बारा देशांतील तीस केंद्रांवर झालेल्या त्या पाहणीत १,०३१ जणांची, माझी झाली तशीच, प्रकाश-पॅच टेस्ट करण्यात आली आणि त्यांतील २०० जणांना प्रकाशजन्य अॅलर्जी आढळली. आकडा खरा आहे. मात्र तो कोणाचा आहे हे वक्ते सांगावयास विसरले. ते १,०३१ लोक रस्त्यावरून उचलून आणलेले नव्हते. ज्यांना उन्हात पुरळ उठते असा आधीच संशय होता, असे निवडलेले रुग्ण होते. मोतीबिंदूच्या दवाखान्यात बसलेल्या मंडळींची शिरगणती करून महाराष्ट्रात अंधत्व किती, हे जर कोणी जाहीर केले तर त्याला आपण गणिताचा शिक्षक नेमणार नाही. आणि त्याच पाहणीत अग्रभागी कोण होते? वेदनाशामक मलमांतील किटोप्रोफेन आणि एटोफेनामेट. सूर्यरोधकांपैकी ऑक्टोक्रिलीन आणि बेन्झोफिनोन-३ यांचा क्रम त्यांच्यामागून लागतो. जिच्यावर प्रथम फिर्याद करावयास हवी होती ती गुडघ्याची ट्यूब वक्त्यांच्या आरोपपत्रात नावालाही नव्हती.

तरीही हे कलम सर्वस्वी खारीज करता येणार नाही, आणि तसे करणे हा उलट्या बाजूचा अप्रामाणिकपणा होईल. सूर्यरोधक द्रव्याचे कामच प्रकाश शोषण्याचे असते. शोषलेली ऊर्जा बहुतेक रेणू उष्णतेच्या रूपाने परत करतात, पण काही रेणू त्या व्यवहारात स्वतःच मोडतात, आणि त्यांचे तुकडे त्वचेतील प्रथिनांना चिकटले म्हणजे शरीराची संरक्षकसेना त्यांना परचक्र समजून त्यांच्यावर चालून जाते. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला नोकरीवर ठेवले त्याच गुणात त्याचा दोष दडलेला आहे. इतिहासही हेच सांगतो. पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल हे एकेकाळचे सर्वमान्य सूर्यरोधक. केस रंगविण्याच्या द्रव्यांशी त्याचे नाते असल्याने त्याची अॅलर्जी लोकांना होऊ लागली आणि ‘पाबा-मुक्त’ हीच पुढे जाहिरात बनली. त्याच्या जागी आलेले ऑक्सिबेन्झोन, म्हणजेच बेन्झोफिनोन-३, प्रकाशजन्य अॅलर्जीत पुढे आले. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या अभ्यासकांच्या संस्थेने २०१४ साली बेन्झोफिनोन-वर्गाला ‘वर्षातील अॅलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले. मग ऑक्टोक्रिलीनचा प्रसार झाला, आणि आज त्याच्या तक्रारी दप्तरी दाखल होत आहेत. एकाला तडीपार करावे आणि दुसऱ्याला गादीवर बसवावे, असा हा राज्यक्रम. यातून बंदीच्या मार्गाची मर्यादा ज्याला दिसत नाही त्याने इतिहास वाचला, पण त्याचा हिशोब मांडला नाही.

दुसरे आणि तिसरे कलम लवकर निकालात निघण्यासारखे आहे. ही द्रव्ये रक्तात उतरतात हे खरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ साली २४ जणांवर प्रयोग करून ते प्रसिद्ध केले, आणि त्याच निबंधात, या निष्कर्षावरून सनस्क्रीन लावणे सोडू नये, असेही लिहिले. रक्तात उतरणे हा एक प्रश्न, अपाय होणे हा दुसरा आणि अॅलर्जी होणे हा तिसरा. माझी अॅलर्जी कातडीतच निर्माण झाली, तिला रक्ताच्या दाखल्याची गरज लागली नाही. हवाईचा कायदा २०१८ साली मंजूर झाला, २०२१ च्या आरंभी अमलात आला, आणि त्याने ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, पण ती घातली समुद्रातील प्रवाळांच्या रक्षणासाठी. प्रवाळांची कणव मलाही येते. मात्र प्रवाळांच्या खटल्यातील हुकूमनामा माणसाच्या कातडीच्या खटल्यात पुरावा म्हणून सादर करणे हे वकिली चातुर्य असले तरी विवेचन नव्हे.

खरा मतभेद आहे तो चौथ्या कलमाशी. निसर्ग निरुपद्रवी आणि रसायन उपद्रवी, ही विभागणी बंगळूरमध्ये बसून करणाऱ्याने आधी आपल्या वसाहतीतील मोकळ्या भूखंडाकडे पाहावे. तेथे कंबरभर उंच, पांढऱ्या बारीक फुलांचे जे गवत माजलेले असते त्याला आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले, पुढे देशभर पसरले, आणि त्याने बंगळूरला असे ग्रासले की त्याचा नायनाट करण्यासाठी मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा १९८४ साली याच शहराच्या परिसरात सोडावा लागला. या गवताच्या संसर्गाने हजारो शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे चेहरे, माना आणि कोपरांच्या घड्या सुजून, जाड होऊन, काळ्या पडल्या. त्यांतील अनेकांना पुढे साधे ऊनही सोसेना. हे विष कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नाही. आणि शेवंती, सूर्यफूल, कॅमोमाइल ही त्याच कुळातील भावंडे असल्याने, ज्याचे या गवताशी वैर आहे त्याने ‘केवळ वनस्पतिजन्य’ असे छापलेले मलम हाती घेताना दुप्पट सावध राहावे. चंदनाच्या तेलाची अॅलर्जी होते, हळदीची होते, आणि सनस्क्रीनच्या नावावर जमा होणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात त्यातील सुगंधाच्या आणि परिरक्षकाच्या असतात. उलट, ज्याला आज ‘मिनरल सनस्क्रीन’ म्हणून पूजिले जाते ते झिंक ऑक्साइड म्हणजे आपल्या वैद्यांचे यशदभस्मच होय. ते अॅलर्जीच्या दृष्टीने सौम्य आहे हे मी स्वतःच्या चेहऱ्यावरून सांगतो, पण ते रसायन नाही असे सांगण्याचे धाडस एकाही रसशास्त्र्याला झाले नसते.

येथवर मी वक्त्यांशी भांडलो. आता त्यांच्या विरुद्ध बाजूस उभ्या असलेल्या, ‘असे क्वचितच होते, काळजी नसावी’ म्हणून हात झटकणाऱ्या पक्षाकडेही वळणे प्राप्त आहे. क्वचित होते हे खरे, पण ज्याला होते त्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के होते, आणि आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांत त्याचे पर्यवसान निराळे असते. गोऱ्या कातडीवर लाली येते आणि जाते. आपल्या कातडीवर ती काळा डाग ठेवून जाते. १९७० साली कोपनहेगनमध्ये ऑस्मुंडसेन या डॉक्टरने, कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रतेसाठी घातलेल्या एका द्रव्यामुळे अंगावर खाजेपेक्षा काळपटपणाच अधिक उमटलेल्या रुग्णांची नोंद करून या विकाराला नाव दिले. आपल्याकडे कुंकवाने कपाळावर पडणाऱ्या डागांची कथा याच जातीची. आता अशा बाईची कल्पना करा की जिच्या गालांवर वांग आहे. वांग उन्हाने वाढतो, म्हणून डॉक्टर तिला सनस्क्रीन सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्यातल्या एखाद्या द्रव्याचे तिला वावडे असेल तर गाल आणखी काळवंडतात, आणि काळवंडले म्हणून ती बिचारी ते मलम दुप्पट थापते. जे लोक उन्हाला सर्वांत अधिक भितात, तेच सूर्यरोधके सर्वांत अधिक वापरतात आणि म्हणून त्यांनाच त्यांची अॅलर्जी जडण्याचा संभव अधिक असतो. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला ‘क्वचितच होते’ या वाक्याचा काडीचाही उपयोग नाही.

वावडे हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला. वांग्याचे वावडे असते, पण कोणाला तरी असते. षष्ठीने पदार्थ दाखविल्यावर चतुर्थीने माणूस दाखविल्यावाचून आपल्या भाषेत ते वाक्य पुरेच होत नाही. म्हणजे हा दोष एकट्या पदार्थात राहत नाही आणि एकट्या माणसातही राहत नाही, तो दोघांच्या भेटीत उत्पन्न होतो. ज्याचे वावडे माझ्या पंक्तीतल्या एकाला आहे तो पदार्थ साऱ्या पंक्तीला वाढायचा बंद करणे हा यजमानधर्म नव्हे. पानात काय वाढले आहे हे प्रत्येकाला आधी सांगणे हा आहे. सूर्यरोधकांच्या बाबतीत नेमका हाच धर्म मोडला जातो.

तो कसा, ते पाहा. आपल्या देशात सनस्क्रीन हे औषध मानले जात नाही, ते १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्याखालचे प्रसाधन आहे. वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी द्यावी असा नियम आहे. परंतु ६० मिलिलिटरहून कमी द्रवाच्या आणि ३० ग्रॅमहून कमी घन वा अर्धघन मालाच्या वेष्टनाला त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे ज्या लहान ट्यूबा आणि पुड्या आपला सामान्य गिऱ्हाईक विकत घेतो, त्यांवर नावे छापण्याची सक्तीच नाही. जेथे नावे असतात तेथे ती मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, आणि एकाच इसमाने अनेक उपनावे धारण करावीत तशी असतात : ऑक्सिबेन्झोन तेच बेन्झोफिनोन-३, अॅव्होबेन्झोन तेच ब्यूटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन. शिवाय ही द्रव्ये केवळ सनस्क्रीनमध्येच असतात असेही नाही. लिपस्टिक, दिवसा लावायची क्रीम, एवढेच काय, बाटलीतल्या अत्तराचा रंग उडू नये म्हणून अत्तरातदेखील ती घातली जातात. १९७५ साली आलेल्या आणि २०२० साली नाव बदललेल्या ‘फेअर अँड लव्हली’त सूर्यरोधके होती; ‘आम्ही कधी सनस्क्रीन लावले नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी घरांनी ती त्या मार्गाने वर्षानुवर्षे लावली.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. लहान वेष्टनांना दिलेली सूट रद्द करावी. प्रत्येक द्रव्याला एकच नाव असावे आणि ते ग्राहकाच्या लिपीतही छापावे. आणि ज्याला संशय असेल त्याला प्रकाश-पॅच टेस्ट करून घेण्याची सोय मोठ्या शहरांपलीकडेही मिळावी. तोवर व्यक्तीने करावयाचे ते साधे आहे. नवे मलम कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावे, आणि ती जागा थोडी उन्हातही जाऊ द्यावी, कारण अंधारातली साक्ष अपुरी असते हे माझ्या पाठीने सिद्ध केले आहे. छत्री, रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा यांचे वावडे असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझ्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते. तीवर डॉक्टरबाईंनी माझी दोन वैरी नावे, त्यांच्या उपनावांसह, देवनागरीत लिहून दिली आहेत. परवा ती घेऊन जयनगरच्या एका औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन, त्याने चष्मा कपाळावर चढवून वीस ग्रॅमची ट्यूब दिव्याखाली धरली, पुढून वाचली, मागून वाचली, टोपणही फिरवून पाहिले. किंमत होती, मुदत होती, कारखान्याचा पत्ता होता. ‘‘सर, इदरल्ली हेसरे इल्ल,’’ तो म्हणाला : यात नावच नाही. बैठकीतल्या त्या भगिनींनी डब्यात टाकलेल्या ट्यूबांवर नावे होती की नव्हती, हे मी पाहून घ्यायला हवे होते.